भोंग्याने दिलेला शब्द

आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेवर जो ड्रायव्हर होता, त्याला सगळे भोंगा म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, नाही असं नाही, पण ते फक्त सही करताना बाहेर निघायचं. भोंगा हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलेलं होतं. तान्हा असताना तो रडायला लागला की पलीकडच्या गल्लीतल्या बायका आपापल्या पोरांना हात लावून बघायच्या. मोठा झाला तसं रडणं सुटलं, आवाज राहिला. केंद्राच्या अंगणात उभं राहून त्याने एखाद्याचा नंबर पुकारला की तो माणूस तर यायचाच, पण ज्याचा नंबर नसायचा तोही दचकून उभा राहायचा.

या आवाजाचं मनापासून कौतुक करणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे त्याची थोरली बहीण. अक्का शिवणकाम करायची. आई गेली तेव्हा हा रांगत होता आणि अक्का नुकती मशीनवर बसायला शिकली होती. मांडीवर भाऊ आणि पायाखाली पायडल, असाच तिने त्याला वाढवला. मशीन चालू असलं की पोरगं गप्प, थांबलं की गळा काढलाच. त्यामुळे अक्काने मशीन सहसा थांबवलं नाही. पुढे तिचं लग्न झालं, नवरा गेला, मूलबाळ काही झालं नाही, आणि ती गोदामांच्या मागच्या गल्लीत, एका अरुंद जिन्याच्या टोकाला असलेल्या खोलीत राहायला आली. खिडकीपाशी मशीन आणि मशीनपाशी अक्का. खालून जाणाऱ्याला आधी घरघर ऐकू यायची, मग वर बघितलं तर ती दिसायची.

तर या अक्काच्या उजव्या पायाला, अंगठ्याच्या खाली, एक जखम झाली होती. साखरेचा आजार जुना. जखम दुखत नव्हती, आणि तीच तर वाईट गोष्ट होती. केंद्रातल्या थोरल्या सिस्टर एक दिवसाआड ती जखम धुऊन, मेलेली कातडी काढून, पट्टी बांधून द्यायच्या. थोरल्या सिस्टरांचा हात हलका आणि जीभ जड. पहिल्याच दिवशी त्यांनी अक्काला सांगून ठेवलं होतं, की बाई, तुमची एखादी खेप चुकली तर मी ओरडेन, पण ओळीने चुकत गेल्या तर जे कापायला येतील ते ओरडणार नाहीत, नुसते कापतील. अक्काने त्यानंतर ऊन म्हटलं नाही की थंडी म्हटली नाही. पाय होता तर मशीन होतं, आणि मशीन होतं तर ती कुणाच्या दारात उभी नव्हती. तिच्या आयुष्याचं सगळं गणित त्या एका पायावर उभं होतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

मग साथ आली.

साथीमुळे केंद्राची जी तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती, पण बघायला जायलाच बंदी होती. दारात दोरी बांधली. दोरीच्या आत केंद्र, दोरीच्या बाहेर रोगी. इतकी वर्षं केंद्राचं काम रोग्यांना आत घ्यायचं होतं, आता ते त्यांना बाहेर ठेवायचं झालं, आणि खरं सांगायचं तर हे काम केंद्राला जास्त चांगलं जमलं. ड्रेसिंगच्या खोलीत संरक्षक पोशाखांची खोकी रचली. इतकी रचली की दार उघडलं तर खोकी अंगावर येतील अशी भीती वाटायला लागली, म्हणून ते दार उघडायचंच नाही असं ठरलं. पोशाख त्यामुळे फार सुरक्षित राहिले. थोरल्या सिस्टरांच्या हातात ताप मोजायची बंदूक देऊन त्यांना नाक्यावर उभं केलं. जिने जन्मभर बायकांची बाळंतपणं केली ती बाई आता ट्रकवाल्यांच्या कपाळावर बंदूक रोखत होती.

डॉक्टर तरुण होते. मनाने वाईट नव्हते बिचारे, पण ते सकाळी कॉम्प्युटरसमोर मीटिंगला बसायचे ते संध्याकाळीच उठायचे. वरचे साहेब त्यांना विचारायचे, आज किती रोगी तपासले, आणि त्याचं उत्तर देता देता तपासायचं राहून जायचं. लोकांनी त्रास झाल्यास फोन करावा म्हणून केंद्राला एक नवा मोबाइल मिळाला होता. तो कारकुनाच्या ताब्यात दिला. कारकून माणूस जबाबदार. वस्तू नवी, हरवली तर आपल्या माथी येईल, म्हणून त्याने ती कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. कपाटातून मधूनमधून काहीतरी वाजतं असं शिपाई म्हणायचा, पण शिपायाचं कोण ऐकतो.

आणि भोंग्याच्या गाडीतलं स्ट्रेचर काढलं. गाडीच्या टपावर कर्णे बसवायचे होते. कर्ण्यांना मोठी बॅटरी हवी, वाटायला पत्रकांचे गठ्ठे हवेत, मग रोगी आडवा करायला जागा कुठे उरणार? स्ट्रेचर भांडाराच्या खोलीत गेलं. डॉक्टर म्हणाले की एका माणसाला इथे आणण्यापेक्षा सगळ्यांना घरात ठेवणं केव्हाही चांगलं. ऐकायला बरं वाटलं सगळ्यांना.

भोंग्याला तर आभाळ ठेंगणं झालं. इतकी वर्षं त्याच्या आवाजाला अंगणाची हद्द होती, आता आख्खी वस्ती मोकळी मिळाली. अडचण एकच होती, मजकूर. मजकूर वरून आलेला. नागरिकांनी केंद्रात गर्दी करू नये, त्रास असल्यास दूरध्वनी करावा, कर्मचारी आवश्यकतेनुसार गृहभेट देतील. पहिल्या दिवशी त्याने तो जसाच्या तसा म्हटला. एक खिडकी उघडेल तर शपथ. ओल्या लाकडासारखा मजकूर, कितीही फुंका, पेटायचा नाही. भोंग्याच्या जिवाला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी गोदामांच्या कोपऱ्यावर त्याने गाडी हळू केली, घसा साफ केला आणि कागद बाजूला ठेवून मनाचंच बोलला.

"माझ्या माणसांनो, घरातच थांबा. आजारी असाल, म्हातारे असाल, एकटे असाल, तरी घाबरू नका. तुम्ही कुठेही जायचं नाही. आम्हीच तुमच्या दारी येतो."

काय सांगावं! खिडक्या उघडल्या, माणसं कठड्यांवर आली. एका म्हातारीने डोळे पुसले. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, जे एरवी भोंग्याच्या आवाजाला ध्वनिप्रदूषण म्हणायचे, त्यांनी हात जोडले. भोंग्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. संध्याकाळपर्यंत त्याने ते वाक्य सगळ्या वस्तीला पाठ करून टाकलं.

नाक्यावर थोरल्या सिस्टरांनी त्याची गाडी अडवली, त्याच्या कपाळावर बंदूक धरली, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "ताप तर नाहीये. मग हे काय बरळत होतास? आम्ही म्हणजे कोण रे?"

आम्ही म्हणजे आपण, केंद्र, असं भोंगा म्हणाला. सिस्टर म्हणाल्या की केंद्रात आहे कोण? मी इथे, तू गाडीवर, डॉक्टर मीटिंगमध्ये आणि कारकून कपाटापाशी. जाणार कोण लोकांच्या दारी? भोंग्याने सांगितलं की लोकांना धीर द्यायला नको का, आणि गाडी पुढे काढली. बाई जळतात, असं तो घरी बायकोला म्हणाला. माणसाचं कौतुक झालं की जळणारे असतातच.

आता इथेच हे थांबलं असतं तर बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणून सोडून देता आलं असतं. पण वरचे साहेब पाहणीला आले. त्यांनी गाडीतून न उतरता पाहणी केली, आणि त्यांच्या बंद काचेतूनही भोंग्याचा आवाज आत आला. साहेब विरघळले. काय वाक्य आहे, म्हणाले, इतके दिवस आपण लोकांशी नुसतं बोलत होतो, हा त्यांच्या काळजाला हात घालतोय. ताबडतोब एका खोलीच्या खिडक्यांना चादरी लावून भोंग्याचा आवाज रेकॉर्ड केला आणि वर पाठवला. वरून तो सगळ्या केंद्रांना गेला, सगळ्या गाड्यांवर वाजायला लागला, आणि वाजत वाजत, हुकूम होऊन, शिक्क्यासह भोंग्याच्याच केंद्रात परत आला. यापुढे हेच वाक्य वाजवावे व पत्रकांवर छापावे.

आणि मग मोठी मौज झाली. डॉक्टरांना वाटलं की वरून हुकूम आलाय, लोकांच्या दारी येतो म्हणून, म्हणजे वरून कुणीतरी येणार असेल, तशी सोय केलेली असेल. वरच्यांना वाटलं की केंद्रानेच हे वाक्य काढलंय, म्हणजे केंद्राने दारोदार जायची सोय केलेली असणार, उगाच कोण असं बोलेल? दोघांनी एकमेकांची मनात स्तुती केली आणि दोघं आपापल्या मीटिंगला गेले. शब्द एकाने दिलेला, हुकूम दुसऱ्याने काढलेला, आणि जायचं कुणी हे विचारायची पाळी कुणावरच आली नाही.

लोक मात्र वाट बघायला लागले. का बघणार नाहीत? मास्तरांनी दारात खुर्ची मांडली. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. जुनं औषधाचं पाकीट हातात घेऊन, धुतलेला सदरा घालून ते रोज बसायचे, कारण येणाऱ्यांना थांबवून ठेवू नये असं त्यांना वाटायचं. कुणाच्या बाळाची लस राहिली, कुणाची पोटुशी सून तपासायची राहिली. कुरकुर करायची तर घराबाहेर पडावं लागलं असतं, आणि घराबाहेर पडू नका असं तर भोंगा सांगतच होता. त्यामुळे तक्रार अशी एकही आली नाही. केंद्राचं काम समाधानकारक आहे असं वर कळवलं गेलं.

भोंग्याचं घरातलं बोलणंही आता कर्ण्यातून आल्यासारखं झालं. जेवायला बसताना तो पोरांना म्हणायचा, कुणीही गर्दी करू नये. बायको म्हणायची की तुम्ही सगळ्यांच्या दारी जाताय तर एकदा मागच्या दारी जाऊन तो तुंबलेला पाइप पण बघा. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मोठ्या माणसांना असं करावं लागतं.

आणि अक्का?

अक्काकडे तर केंद्राची गाडी दर आठवड्याला जात होती. हसू नका. केंद्राला मास्क हवे होते आणि अक्काला काम हवं होतं. केंद्राने कापड दिलं, अक्का मास्क शिवायची, आणि भोंगा गाडी घेऊन गठ्ठा न्यायला जायचा. जिना चढायचा नाही, असा नियम होता. अक्काने खिडकीला दोरी बांधून टोपली केली होती. टोपली खाली यायची, भोंगा मास्क काढून घ्यायचा, कापड ठेवायचा, टोपली वर जायची. वर कर्णे चालूच. बंद केले तर वेळ वाया जातो.

त्या गोंगाटात तो मान वर करून ओरडायचा, "बरी आहेस ना?" अक्का वरून मान हलवायची. हात हलवायची. कधी काहीतरी बोलायचीही, ते त्याला ऐकू यायचं नाही. तो अंगठा दाखवायचा आणि निघायचा. केंद्राची गाडी, केंद्राचा माणूस, अक्काच्या खिडकीखाली दर आठवड्याला उभा, आणि अक्काच्या पायाची पट्टी बदलायला केंद्रातून कुणी जात नव्हतं. कारण मास्क आणणं हे एक काम आणि पट्टी बांधणं हे दुसरं काम, आणि दुसऱ्या कामाची खोली खोक्यांनी भरलेली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तुम्ही म्हणाल, अक्काने भावाला सांगायचं. तिने का नाही सांगितलं, ते ऐका. सुरुवातीला ती केंद्रात जायला निघाली होती. चप्पल घालून जिन्याच्या तोंडाशी आली, तेवढ्यात खालून भोंग्याचा आवाज आला, तुम्ही कुठेही जायचं नाही. भाऊ सांगतोय म्हटल्यावर ती मागे फिरली. फोन केला, तो कपाटात वाजला. मग तिने ठरवलं की नंबराने येत असतील. वस्ती मोठी आहे, वेळ लागणारच. आणि भावाला खास सांगायचं तर लोक काय म्हणतील? आपल्या बहिणीला आधी घेतलं म्हणतील. त्याचं आता कुठे नाव झालंय, साहेबांनी पाठ थोपटलीय, त्याला आपल्यापायी बोल लागायला नको. शेजारीण म्हणाली, अहो, तुमचा पाय वास मारतोय. अक्का तिच्यावरच डाफरली. तेवढ्यात गाडी आली, तशी तिने शेजारणीला हाताने गप्प केलं आणि खिडकीशी कान देऊन भावाचं वाक्य पुरं ऐकलं. तिला ते फार आवडायचं. एकटे असाल तरी घाबरू नका, हे तो आपल्यासाठीच घालतो असं ती म्हणायची.

शुद्ध वेडेपणा, दुसरं काय. पण असल्या वेडेपणावरच घरं चालतात आणि सरकारंही.

एके दिवशी दुपारी कर्ण्यांची बॅटरी बसली. अक्काच्या गल्लीत शिरताना कर्णे घरघरले, खोकल्यासारखे दोन आवाज केले आणि गप्प झाले. भोंग्याने चरफडत बटणं दाबली, वायरी हलवल्या, टपावर एक गुद्दा मारला. काही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो अक्काच्या खिडकीखाली कर्ण्याविना उभा राहिला, आणि काहीतरी चुकतंय असं त्याला वाटायला लागलं. काय ते पटकन कळेना. मग कळलं. मशीन वाजत नव्हतं.

टोपली खाली आली होती. आतले मास्क त्याने उचलून बघितले. टाके हाताने घातलेले होते, वाकडेतिकडे. त्याने हाक मारली. तिने खिडकीतून हात काढून हलवला, पण ती स्वतः काही उठली नाही. भोंगा नियम-बियम विसरला आणि जिना चढला.

दारापाशीच वास आला. अक्का मशीनसमोर नव्हती, खिडकीखालच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, पाय उशीवर. पायाला जुन्या ओढणीची पट्टी होती. चेहरा तापाने लाल. त्याला बघून ती आधी घाबरली, तोंडावर पदर घेतला आणि लांब हो म्हणाली, तुझा नियम मोडेल. भोंग्याने ती पट्टी सोडली. पुढे काय दिसलं ते सांगत नाही. अंगठा कुठे संपतो आणि काळं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, एवढं पुरे.

"अगं, मला का नाही सांगितलंस?"

"तुला कशाला सांगायचं?" अक्का म्हणाली. "येणारेत ना. तूच तर रोज सांगतोस."

भोंग्याने बहिणीला उचललं. लहानपणी तिने याला उचललं होतं तेव्हा तो किती जड होता कुणास ठाऊक, पण आता ती अगदी हलकी लागली. जिन्यात त्याचे दोन्ही खांदे भिंतींना घासले. गाडीचं मागचं दार उघडलं आणि त्याला आठवलं की स्ट्रेचर नाही. मग त्याने पत्रकांचे गठ्ठे फोडून पसरले आणि तिला त्यांवर निजवलं. प्रत्येक पत्रकावर मोठ्या अक्षरात त्याचंच वाक्य छापलेलं. अक्काचा पाय त्या वाक्यावर टेकला आणि कागद ओले व्हायला लागले.

केंद्राच्या दारात दोरी होती. आतून कारकून म्हणाला की असं अचानक आणता येणार नाही, आधी फोन करायचा. भोंग्याने कारकुनाकडे बघितलं. मग त्याने गाडी दोरीवरून तशीच आत घातली, एका टोकाचा खुंटा उपटून आला. डॉक्टर मीटिंगमधून उठून बाहेर आले, कानात वायर लटकत होती, आणि पाय बघितल्यावर त्यांनी ती वायर काढून खिशात टाकली. ते घाबरले होते. इथे होणार नाही, मोठ्या इस्पितळात न्या, असं ते म्हणाले, आणि ड्रेसिंगच्या खोलीचं दार उघडायला गेले, तर खोकी अंगावर आली.

नाक्यावर थोरल्या सिस्टरांनी गाडी थांबवली. आत डोकावल्या. त्यांनी हातातली बंदूक तिथल्या टेबलावर ठेवली, नाका सोडला आणि गाडीत मागे चढून अक्काशेजारी पत्रकांवर बसल्या. भोंग्याला वाटलं आता शिव्या बसतील. त्याला हव्याच होत्या. पण बाईंनी सगळ्या वाटेत तोंड उघडलं नाही. नुसती अक्काची नाडी धरून बसल्या, आणि आरशात भोंग्याशी नजर झाली की दुसरीकडे बघत होत्या. याहून त्या ओरडल्या असत्या तर बरं.

पाय घोट्याच्या वरून काढला. जीव वाचला. आधी आणलं असतं तर एका अंगठ्यावर भागलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं ते कुणाला सांगतायत.

भोंगा परत आला तो थेट केंद्रात. त्याने टपावरचे कर्णे उतरवले, भांडारातून स्ट्रेचर ओढून काढलं आणि गाडीत बसवलं. मग डॉक्टरांपुढे उभा राहून म्हणाला की ते वाक्य बंद करा. डॉक्टर म्हणाले, मला पटतंय, पण ते वरून आलंय, मी कसं बंद करणार. भोंगा म्हणाला, साहेब, ते वरून नाही आलं, ते गोदामाच्या कोपऱ्यावरून आलंय, मीच बोललोय ते. डॉक्टरांनी हात वर केले. मग तो वरच्या साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याला बघून खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आपण तुझा सत्कार ठेवलाय असं सांगितलं. हे वाक्य खोटं आहे, लोक वाट बघत मरतील, असं भोंगा म्हणाला. साहेबांना ते बोलणं फार भावलं. कलावंत माणूस, म्हणाले, कधीच स्वतःच्या कामावर खूश नसतो. तुला थकवा आला असेल तर तू गाडी चालव, आवाज काय आपल्याकडे आहेच.

खरंच होतं ते. आवाज त्यांच्याकडे होता. कर्णे दुसऱ्या गाडीवर चढले, तिच्यावर दुसरा ड्रायव्हर बसला, आणि भोंग्याचा आवाज भोंग्याविना वस्तीत हिंडायला लागला. सत्काराच्या दिवशी भोंगा गेला नाही. तो मास्तरांना स्ट्रेचरवर घालून इस्पितळात नेत होता, एक अंग लुळं पडलं होतं त्यांचं. हारतुरे कारकुनाने स्वीकारले आणि कपाटात ठेवले.

भोंगा आता न सांगता लोकांच्या दारी जायला लागला. सकाळी थोरल्या सिस्टरांना गाडीत घ्यायचं, ज्याच्या दारात खुर्ची मांडलेली दिसेल तिथे थांबायचं. हुकूम नव्हता. डॉक्टर खिडकीतून बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे, आणि तेवढं तरी त्यांनी केलं. शहाणपण सुचलं, पण वरातीमागून घोडं ते. लोक भोंग्याला विचारायचे की हल्ली बोलत का नाहीस, आणि तो त्यालाही उत्तर द्यायचा नाही.

अक्का घरी आली. तिला त्याच खोलीत यायचं होतं, त्याच जिन्यावरून. भोंग्याच्या बायकोने तिला आपल्याकडे राहायला चला म्हणून फार विनवलं, अगदी रडली, पण अक्का ऐकेना. मशीन तिथे आहे, म्हणाली. पायडल आता दाबता येत नव्हतं, म्हणून मशीनच्या चाकाला हातदांडा लावून घेतला. पण एका हाताने दांडा फिरवायचा तर कापड सरळ धरता येईना, शिवण वाकडी जायची. मग ड्यूटी संपली की भोंगा येऊन बसायला लागला. तो दांडा फिरवायचा, ती दोन्ही हातांनी कापड सरकवायची.

असेच एकदा संध्याकाळी ते दोघं बसले होते आणि खालून ती गाडी आली. माझ्या माणसांनो, घरातच थांबा. भोंगा ताडकन उठला आणि खिडकी लावायला गेला. अक्काने त्याला हातानेच थांबवलं. पूर्वी करायची तसा कान दिला आणि शेवटपर्यंत ऐकलं. आजारी असाल, म्हातारे असाल, एकटे असाल, तरी घाबरू नका. तुम्ही कुठेही जायचं नाही. आम्हीच तुमच्या दारी येतो. गाडी न थांबता कोपऱ्यावरून वळली, आवाज लांब गेला.

"आवाज गोडच आहे रे तुझा," अक्का म्हणाली. "ऐकत राहावंसं वाटतं. म्हणून तर ऐकत राहिले."

तिने सुईखाली कापड नीट केलं आणि तो बसण्याची वाट बघत राहिली. भोंगा येऊन बसला. त्याने दांडा धरला आणि फिरवायला लागला. मशीन सुरू झालं, आणि ते चालू होतं तोवर तो गप्प होता.